कोरोनात पाचच दिवस शेक (रेडिएशन) दिला, म्हणजे उपचार अर्धवट राहिला का?

नाही, ताई. तुमच्या आईला २०२० मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी पाचच दिवस शेक मिळाला आणि गावातल्या काकूंना आधी पंचवीस दिवस मिळाला होता, म्हणून तुम्हाला धाकधूक वाटते. पण दिवस कमी झाले की उपचार कमी झाला, असं नसतं.

जुनी पद्धत रोज २ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक), २५ दिवस, एकूण ५० ग्रे. नंतर १५ दिवसांत ४० ग्रे रूढ झालं. पाच दिवसांच्या पद्धतीत रोज ५.२ ग्रे, एकूण २६. बेरीज निम्मी दिसते, पण रोजचा डोस मोठा असला की पेशींवरचा परिणाम नुसत्या बेरजेने मोजता येत नाही. हे घाईगडबडीत शोधलेलं नव्हतं. ब्रिटनमध्ये चार हजारांवर रुग्णांवर फास्ट-फॉरवर्ड चाचणी आधीच सुरू होती. पाच वर्षांचे निकाल एप्रिल २०२० मध्ये आले. त्याच स्तनात आजार उलटण्याचं प्रमाण १५ दिवसांच्या उपचारापेक्षा जास्त नव्हतं.

आणि तेव्हा आपल्याकडची स्थिती आठवा. एसटी बंद, जिल्हाबंदी, पासची धावपळ. यवतमाळ-गडचिरोलीच्या खेड्यातून नागपूर किंवा सेवाग्रामला पंचवीस दिवस जायचं कसं? कितीतरी बायांनी शेक मधेच सोडला असता. तो धोका खरा मोठा होता.

मात्र ही पद्धत सरसकट नाही. काखेतल्या गाठींनाही शेक लागत असेल तर डॉक्टर बहुधा १५ दिवसांचा घेतात. आईचं डिस्चार्ज कार्ड जपा, दरवर्षीची मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) चुकवू नका. स्तन घट्ट वा आखडल्यासारखा वाटला, तर तेही डॉक्टरांना सांगा.