मीटिंग शोधताना आधी घड्याळ बघा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नोकरी रबाळे एमआयडीसीत, राहायला कळवा, दारू बंद करून 12 दिवस. ठाण्यातल्या एका ए.ए. (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंगला गेलात. तिथे बहुतेक साठीच्या पुढचे, बोलणं इंग्रजीत, जागा चर्चचा हॉल, शेवटी सगळ्यांनी उभं राहून प्रार्थना म्हटली. 'हे आपल्यासाठी नाही' असं वाटून पुन्हा फिरकला नाहीत. आता विचारताय, आपल्याला जमेल असा ग्रुप शोधायचा कसा.

मी नऊ वर्षं सोबर आहे. पहिल्या ग्रुपात मीही टिकलो नव्हतो. दोन मीटिंगा केल्या आणि तिसऱ्या आठवड्यात परत क्वार्टर हातात. पुढे चार ठिकाणी बसून बघितलं तेव्हा कुठे माझा ग्रुप सापडला. त्यामुळे एक ग्रुप पटला नाही म्हणून ए.ए.च पटलं नाही असं कृपा करून धरू नका.

वय, भाषा, जागा हे सगळं नंतर बघा. आधी वेळ बघा. दिवसातली कुठली घटका तुम्हाला जड जाते? माझी संध्याकाळी साडेसात ते नऊ. ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला उतरलो की पाय आपोआप ठरलेल्या बारकडे वळायचे, घरी कितीही शपथा घेतलेल्या असोत. रविवारी सकाळची मीटिंग मला आवडायची, पण रविवारी सकाळी मला प्यावंसं वाटतच नव्हतं! शेवटी स्टेशनपासून चालत जाता येईल अशी, आठच्या सुमाराची मीटिंग शोधली. बारच्या वेळेला मी खुर्चीवर बसलेला असायचो. सुटेपर्यंत भूक लागलेली असायची आणि ती जड घटका टळलेली असायची. तुम्हीही ठाण्यालाच गाडी बदलता. कामावरून सुटल्यापासून घराचं दार उघडेपर्यंतच्या वाटेवर मीटिंग बसवा. शिफ्ट बदलत असेल तर दोन ग्रुप धरून ठेवा, एक ठाण्यातला आणि एक ऐरोली-वाशीकडचा.

ए.ए.ची सुरुवातही अशाच जड घटकेतून झाली. 1935 सालच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या अॅक्रन गावी बिल नावाचा माणूस धंद्याचं काम फसल्यामुळे हॉटेलात एकटाच होता आणि शेजारी बार होता. काही महिन्यांपूर्वीच त्याची सुटली होती. आत जाण्याऐवजी तो फोनपाशी गेला आणि बोलायला आपल्यासारखाच कोणी पिणारा मिळतो का ते शोधत राहिला. त्याला डॉ. बॉब भेटले. 10 जून 1935 ला बॉब यांनी शेवटची घेतली, आणि तोच ए.ए.चा स्थापना दिवस.

आता भाषा. मराठी आणि हिंदी मीटिंगा आपल्याकडे आहेत, फोनवर सरळ विचारा. 'ओपन' की 'क्लोज' तेही विचारा. ओपनला वहिनींना नेता येतं, क्लोजला फक्त दारूचा त्रास असलेला माणूस. वहिनींसाठी अल-अॅनॉन, म्हणजे पिणाऱ्याच्या घरच्यांचा ग्रुप, वेगळा आहे, त्यांना नक्की सांगा, त्यांनीही खूप सोसलंय.

चर्चची जागा बहुतेक वेळा परवडते म्हणून घेतलेली असते. ए.ए. कुठल्याच धर्माची नाही. यायची अट एकच, दारू सोडायची इच्छा. फी नाही. मीटिंगमध्ये पिशवी फिरते, वाटलं तर काही टाकायचं, त्यातून भाडं आणि चहा निघतो. प्रार्थनेला मी पहिले सहा महिने नुसता गप्प उभा राहायचो, कोणी एका शब्दाने टोकलं नाही. माझी आई म्हणायची, माळ घाल, सुटेल. चुलत्यांची माळेनेच सुटली, ती वाट खरी आहे. माळ घालून मीटिंगला येणारेही आमच्यात आहेत.

ग्रुप आपला आहे हे कसं कळलं ते सांगतो. पहिल्या दिवशी माझे हात थरथरत होते. चहा वाटणाऱ्या काकांनी सगळ्यांना भरून ग्लास दिले, मला मात्र अर्धाच दिला, न विचारता. थोड्या वेळाने येऊन उरलेला अर्धा ओतला. माझ्या हातून चहा सांडू नये हे त्या माणसाला कळलं होतं, कारण कधीकाळी त्याचेही हात असेच थरथरले होते. पुढच्या आठवड्यात मी गेलो नाही तर त्यांचा फोन आला. तुम्ही आला नाहीत हे जिथे कोणाच्या तरी लक्षात येतं, तिथे थांबा. गटारीच्या रात्री आणि 31 डिसेंबरला तिथे कोण भेटेल, तेही विचारून ठेवा.

एक गोष्ट मात्र मीटिंगच्या आधीची. पुन्हा रोजची सुरू झाली, तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याला पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावर बेततं. तेव्हा आधी डॉक्टर. सरकारची 14446 ही नशामुक्ती हेल्पलाइनही मोफत आहे.

तुमची सुटी किती वाजता होते ते कळवा. मी गुरुवारी त्याच मीटिंगला जातो. ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर थांबतो, तिथून बरोबरच जाऊ.