कर्नाटकातलं खानापूर (बेळगाव जिल्हा) आणि पुणे, दोन्हीकडच्या मतदार यादीत नाव आहे. निवडणुका वेगळ्या असतात, मग दोन्हीकडे मतदान केलं तर चालेल का?

नाही चालणार. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १७ व्या कलमानुसार नाव एकाच मतदारसंघात असावं लागतं. निवडणूक कुठल्या राज्याची, याला महत्त्व नाही.

दोन नावं होतात ती बहुधा सायबर कॅफेत. पत्ता बदलला तर ८ नंबरचा अर्ज भरायचा असतो. तिथला पोरगा सवयीनं ६ नंबरचा भरतो, जो नव्या मतदारासाठी आहे. त्यात ‘माझं नाव दुसरीकडे कुठंही नाही’ अशी घोषणा असते आणि खाली सही तुमची. जाणूनबुजून खोटं लिहिलं असेल तर ३१ व्या कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

नाव ठेवायचं ते जिथं रोजचं राहणं आहे तिथं. गावात घर आहे, उतारा आहे, एवढ्यानं २० व्या कलमाखाली रहिवास ठरत नाही. पण चार महिने गोव्याला कामाला जाऊन परतणाऱ्याचं नाव गावातच राहतं.

‘नाव काढू नको, सीमाभागातली मराठी मतं घटतात’ असं तुम्हाला चार जण सांगतील. मला हे अजिबात मान्य नाही. आपली मतं घटतात ती कच्ची यादी, म्हणजे हरकतींसाठी आधी लावतात ती, कुणी वाचत नाही म्हणून. अर्ज इंग्रजीत भरला की कानडी नाव संगणक बनवतो. त्यात गावडेचा काना गळून ‘गवडे’ होतं, काळेचं ‘काले’. मग नावानं शोधलं की सापडत नाही, माणूस म्हणतो ‘उडवलं’, आणि पुन्हा ६ नंबर भरतो. झाली दोन नावं! म्हणून शोध मतदार कार्डाच्या नंबरानंच घ्या, आणि चूक ८ नंबरच्या अर्जानं दुरुस्त करा. कार्ड खिशात असून यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही.

१९९६ ला बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार उभे होते. त्यातला प्रत्येक जण उभा राहू शकला, कारण कुठल्या ना कुठल्या यादीत त्याचं नाव होतं. त्याच वर्षी संसदेनं लोकसभेची अनामत ५०० वरून १० हजार केली आणि अपक्षाला दहा सूचक, म्हणजे त्याच मतदारसंघाच्या यादीतले दहा मतदार, सक्तीचे केले. यादीतल्या नावाला एवढं वजन आहे.

तुम्ही पुण्यातच राहणार असाल तर खानापूरचं नाव काढायला ७ नंबरचा अर्ज द्या, कारण म्हणून ‘स्थलांतर’ लिहा, पोच घ्या. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की निवडणूक संपेपर्यंत यादीत बदल होत नाही. आणि एक राहिलं: ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच निघते, त्यामुळे गावच्या पंचायतीचं मतही जाईल. घरी आधी बोलून घ्या.

दुसऱ्या कुणी तुमच्या नावावर ७ नंबर टाकला असेल तर गोष्ट वेगळी. तुम्हाला नोटीस आणि सुनावणी मिळायलाच हवी. तरी नाव काढलं, तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.