बनावट गिऱ्हाईक पाठवून गांजात पकडलं, 5 वर्षं शिक्षा झाली, अपिलात काही होतं का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की लहान भावाला पोलिसांनी बनावट गिऱ्हाईक पाठवून बसस्टँडजवळ 4 किलो गांजासकट पकडलं, धुळ्याच्या कोर्टाने 5 वर्षं दिली, आता अपिलात काही होतं का. होतं. मी वकील नाही, पण माझ्या चुलतभावाचं असंच झालं होतं, त्याच्या फायली घेऊन मी दोन वर्षं चाळीसगाववरून कन्नडचा घाट चढलोय.

पहिले मुदत बघा. आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारचं अपील औरंगाबाद खंडपीठात जातं आणि निकालापासून 60 दिवस असतात, नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. अपिलासोबतच शिक्षा स्थगितीचा आणि जामिनाचा अर्ज लावा. कोणी म्हणेल एनडीपीएसमध्ये (अमली पदार्थांच्या कायद्यात) शिक्षा थांबतच नाही, आम्हालाही एकाने हेच सांगून घाबरवलं होतं, पण सुप्रीम कोर्टाने 2000 सालीच दादू केसमध्ये सांगितलंय की कोर्टाचा तो अधिकार काढून घेता येत नाही. गांजा 20 किलोच्या वर असला तर कलम 37 च्या जामिनाच्या कडक अटी आडव्या येतात, तुमचा 4 किलोच आहे, म्हणून त्या लागत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. घरचे सगळे एकच धरून बसतात, पोलिसांनीच मागितला म्हणून त्याने दिला. आमची काकू तर रोज हेच म्हणून रडायची, मना पोऱ्या कवय घर यी (माझा पोरगा कधी घरी येईल) विचारायची. पण नुसत्या या मुद्द्यावर सुटका होत नाही, कारण गांजा जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. हायकोर्ट बघतं ते खालच्या कोर्टात आलेला पुरावा, म्हणून सगळ्या साक्षी आणि पंचनामे स्वतः वाचा. गिऱ्हाईक बनून गेलेल्या माणसाची साक्ष झाली का, त्याला दिलेल्या नोटांचे नंबर आधीच्या पंचनाम्यात आहेत का, त्याच नोटा भावाकडे सापडल्या का, पंच आणि तो एकच वेळ सांगतात का. आमच्या वकिलाने खाली सगळा जोर कलम 50 वर दिला होता, झडतीआधी मॅजिस्ट्रेट किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा हक्क सांगितला नाही म्हणून, पण ते कलम अंगझडतीला लागतं आणि माल पिशवीत होता, तो मुद्दा गेला.

खरा मुद्दा निघाला मुद्देमालात. पोलिसांनी सॅम्पल जागेवरच काढले होते, कलम 52अ प्रमाणे मॅजिस्ट्रेटसमोर यादी आणि सॅम्पल काहीच झालं नव्हतं, आणि मुद्देमाल रजिस्टरमधे माल जमा झाल्याची तारीख पंचनाम्याच्या दोन दिवसांनंतरची, मग ते दोन दिवस माल कुठे होता हे कोणत्याच साक्षीदाराने सांगितलं नाही. आता नुसतं 52अ पाळलं नाही म्हणून केस पडतेच असं नाही, पण सील, रजिस्टर, लॅबला पोचल्याची तारीख यांची साखळी तुटली की मग त्याला वजन येतं. आम्हाला स्थगिती यावरच मिळाली, अपील अजून बोर्डावर आहे, म्हणजे सुनावणी बाकी आहे, चुलतभाऊ घरी आहे, केळीच्या बागेत कामाला जातो.

अजून एक, वजन कसं केलं ते बघा. कायद्यात गांजा म्हणजे फुलं-फळं धरलेले शेंडे, नुसती पानं आणि बिया शेंड्यांशिवाय असतील तर त्या गांजात मोडत नाहीत. पाला आणि काड्या मिळून 4 किलो केले असतील तर वकिलाला नक्की विचारा, कारण 1 किलोपर्यंतची शिक्षा फार कमी आहे.

पैसे नसतील तर जमीन विकू नका. जेलमधल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, भावाला जेलमधूनच विधी सेवेचा अर्ज द्यायला सांगा, अपीलही जेलमार्फत पाठवता येतं. खाजगी वकील लावला तर वकीलपत्रावर भावाची सही जेलमधूनच घ्यावी लागेल, त्यात आमचे आठ दिवस गेले होते, ते आजच सुरू करा.