भावाच्या दाखल्यासाठी आधी एवढंच करा

ताई, भावाच्या मानसिक आजारासाठी दिव्यांग दाखला कसा काढायचा, असं विचारलंत. घाबरू नका. मुलासाठी मी ठाण्यात हे सगळं केलंय. पेन्शन, आयकर सवलत नंतर बघू. आधी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर दाखल्याचा आणि यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज भरा.

दाखल्यावरची दिव्यांगत्वाची टक्केवारी नुसत्या आजाराच्या नावावर ठरत नाही. स्किझोफ्रेनिया असो की बायपोलर, स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, यात किती अडतं ते डॉक्टर बघतात. आजार किती वर्षांचा, तेही. सवलतींसाठी 40 टक्के हा उंबरठा.

सगळ्यात मोठी चूक तपासणीच्या दिवशी होते. आपण दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून नेतो आणि वर म्हणतो, “तसा बरा आहे हो!” आम्ही तेच केलं, पहिल्या खेपेला 40च्या खाली राहिलो. वाईट दिवस कसा जातो ते सांगा: आंघोळीला किती विनवावं लागतं, नोकरी कधी सुटली. वाढवून मात्र काही नको.

सोबत न्या:
- पहिल्यापासूनचे केसपेपर, तारखेप्रमाणे लावून
- चालू गोळ्यांची चिठ्ठी
- रोज त्याच्याजवळ असणारं माणूस (लग्नकार्याला भेटणारे काका नकोत)

दाखला तात्पुरता मिळाला तर मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा. तहसीलमधलं निराधार योजनेचं प्रकरण कार्ड हाती आल्यावर विचारा.