कपाटातली कसर

पाऊस जरा उघडला की आपल्याकडे सगळे एकदम कपाटं उघडतात, त्यामुळे या वेळी आलेले निम्म्याहून जास्त प्रश्न भोकांचेच आहेत. कुणाच्या शालीला भोक, कुणाच्या गालिच्याला, एका काकांनी तर मोज्याच्या भोकातून बाहेर आलेल्या अंगठ्याचा फोटो पाठवलाय (काका, ती कसर नाही, नख कापा). म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यात, आज फक्त हेच. आपण सगळ्यालाच कसर म्हणतो आणि चार डांबर गोळ्या टाकून मोकळे होतो, पण खाणारे तीन-चार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाची आवड वेगळी.

प्रश्न : ताई, आम्ही घोडबंदर रोडला राहतो. डिसेंबरात मनालीला जायचं ठरलं म्हणून बॉक्स बेड उघडला, तर चार वर्षांपूर्वी ठेवलेल्या लोकरीच्या कपड्यांची वाट लागलीये. मिस्टरांच्या ब्लेझरला कॉलरखाली आणि काखेत भोकं, सासूबाईंनी विणलेल्या शालीची तर चाळण झाली, वर पांढरट जाळी आणि वाळूसारखे कण. गंमत म्हणजे त्याच गठ्ठ्यातलं माझं अ‍ॅक्रिलिकचं स्वेटर एकदम ठणठणीत! चारही कोपऱ्यांत डांबर गोळ्या होत्या हो. मग झालं कसं?

अगं, ते वाळूसारखे कण जरा बोटावर घेऊन उजेडात बघ. शाल ज्या रंगाची त्याच रंगाचे दिसतील, कारण ती वाळू नाही, अळीची विष्ठा आहे, खाल्लेल्या लोकरीचा रंग तिच्यात तसाच उतरतो. हे काम कपड्यांच्या पाकोळीचं, खरं तर तिच्या अळीचं. पाकोळी स्वतः काहीच खात नाही, तिला खाण्याजोगं तोंडच नसतं, ती सोनेरी-मातकट रंगाची, जेमतेम सहा-सात मिलिमीटरची, उजेड दिसला की पळणारी. ती लोकरीच्या घडीत चाळीस-पन्नास अंडी घालते आणि मरते, मग अळ्या बाहेर येऊन केराटिन खातात. आपल्या केसांत, नखांत असतं तेच हे प्रथिन, लोकरीत आणि पिसांतही असतं. अ‍ॅक्रिलिकमध्ये ते नाही म्हणून तुझं स्वेटर वाचलं.

आता कॉलर आणि काखच का, तर घाम. नुसत्या धुतलेल्या लोकरीपेक्षा घामाची, तेलाची, सांडलेल्या चहाची लोकर अळीला जास्त मानवते. आपण ट्रिपवरून येतो, म्हणतो थंडीत घाम कुठे आला, आणि सुटकेसमधून कपडे थेट बेडच्या पोटात. मी शहाणपणा शिकवतेय असं वाटू देऊ नकोस, माझ्याकडेही हेच झालंय. सासऱ्यांची महाबळेश्वरची माकडटोपी मी एकदाच घातलीये म्हणून न धुता माळ्यावर टाकली होती, दोन वर्षांनी काढली तर वरून अगदी छान दिसत होती, शेंड्याला धरून उचलली आणि गोंडा माझ्या हातात, टोपी खाली. आत हात घातला तर पाच बोटं पाच ठिकाणांहून बाहेर आली. सासरे काही बोलले नाहीत, पण ती टोपी त्यांनी फेकूही दिली नाही, अजून त्यांच्या खणात आहे.

आणि डांबर गोळ्यांचं म्हणशील तर त्या हवेत उडून जातात, चार वर्षांत कोपऱ्यात फक्त वास उरला असेल, तोही तुझ्या मनात. त्यांची वाफ घट्ट बंद जागेत साठली तरच उपयोग होतो, बॉक्स बेडच्या फळ्यांतून ती निघून जाते. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड, खाली बसणारी, आणि आपण गोळ्या टाकतो तळाला.

आता काय करायचं ते सांगते. सगळं एकदम बाहेर काढ, गॅलरीत दुपारच्या उन्हात पसर आणि कपड्यांच्या ब्रशने शिवण, कॉलरची आतली बाजू, खिशाची उलटी बाजू झटक, अळ्यांना उजेड सोसत नाही आणि ब्रशने अंडीही गळतात. ब्लेझर ड्रायक्लीनला दे, त्यात अंड्यांपासून पाकोळीपर्यंत सगळं मरतं. शाल धुवायला किंवा ड्रायक्लीनला द्यायला भीती वाटत असेल (हाताने विणलेली आहे, वाटणारच) तर झिपच्या पिशवीत घाल, हवा दाबून काढ आणि फ्रीजरमध्ये ठेव, फ्रीजर उणे १८ अंशांवर असेल तर दोन आठवडे. सुरमईच्या शेजारी सासूबाईंची शाल हे जरा विचित्र दिसेल, पण पिशवी दुहेरी कर म्हणजे झालं. बाहेर काढल्यावर मात्र लगेच उघडू नकोस, बंद पिशवीतच एक दिवस राहू दे, नाहीतर आपल्या दमट हवेत गार लोकरीवर पाणी धरतं आणि कसर गेली पण बुरशी आली असं होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो बेड. कपडे स्वच्छ करून परत त्याच बेडमध्ये ठेवशील तर पाहुणे तिथेच वाट बघत बसलेत. प्लायच्या सांध्यांत केस, धूळ, लोकरीचे पुंजके साठतात, अळ्या त्यावरही जगतात. व्हॅक्युमचं निमुळतं तोंड लावून प्रत्येक सांधा ओढून घे आणि व्हॅक्युममधला कचरा त्याच दिवशी घराबाहेर टाक. मग धुतलेले, कडकडीत वाळलेले कपडे झिपच्या मोठ्या पिशव्यांत भर आणि वर्षातून दोन-तीनदा काढून झटक, मनालीला जायचं नसलं तरी. भोकं मोठी नसतील तर ब्लेझर रफूला देता येईल. शालीचं मात्र खरं सांगू, चाळण झाली असेल तर चांगला तुकडा कापून चौकोनी रुमाल कर, सासूबाईंना तोच आवडेल.

प्रश्न : नेरुळला आमच्या बेडरूमच्या भिंतीवर काकडीच्या बीसारख्या राखाडी चपट्या पिशव्या चिकटलेल्या दिसतात. मला वाटलं सिमेंटचा पोपडा, पण काल एक चालायला लागली!! पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावू का?

घाबरू नका, ती पिशवी घेऊन फिरणारी अळी आहे, केसबेअरर म्हणतात. धूळ, वाळू, केस असं मिळेल ते रेशमी धाग्याने जोडून ती हे घर बनवते, दोन्ही टोकांना दार असतं आणि ती कधी या दारातून डोकं काढते कधी त्या. बॅटरी मारून जरा वेळ बघा, पोरांना तर फार आवडतं. ती मुख्यतः कोळीष्टकं, मेलेले किडे, गळलेले केस खाते, लोकर हाताशी आली तर तीही सोडत नाही. दमट जागा तिला फार आवडते आणि नवी मुंबईत ती शोधायला लागत नाही. पेस्ट कंट्रोलला पैसे घालवू नका. पिशव्या कागदाने खुडून साबणाच्या पाण्यात टाका, नुसत्या झाडूने खाली पाडल्या तर परत चढतात. छताचे कोपरे, पडद्याच्या दांडीची मागची बाजू आणि कपाटाची पाठ इथली कोळीष्टकं काढा, तिचं जेवणच बंद.

प्रश्न : ताई, मी नौपाड्यात राहतो, वय ७१. काश्मीरहून आणलेला गालिचा आहे, विकणाऱ्याने लोकरीचा म्हणून दिला. सोफा हलवला तर सोफ्याखाली गालिच्याला टक्कल पडलेलं, मधे मात्र काहीच नाही. बारीक केसाळ अळ्यापण दिसल्या. आणि हा खरंच लोकरीचा आहे का, हे कसं कळेल?

काका, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अळ्यांनी दिलंय, प्लॅस्टिकच्या धाग्याला टक्कल पडत नाही. तरी खात्री हवी असेल तर कडेचा एक धागा उपटून चिमट्यात धरा आणि सिंकवर काडी लावा. केस जळल्याचा वास आला आणि राख चिमटीत चुरली तर लोकर (रेशीमही असंच जळतं), कागदाचा वास आला तर सुती किंवा व्हिस्कोस, वितळून कडक मणी झाला तर सिंथेटिक.

केसाळ अळी म्हणजे ही पाकोळी नाही, गालिच्याचा भुंगा, पाकोळीची अळी पांढरट आणि गुळगुळीत असते. भुंगा दोन-चार मिलिमीटरचा, गोल, मोठा झाला की फुलांचे पराग खातो आणि तुम्हाला खिडकीच्या काचेवर दिसेल, नुकसान करते ती त्याची अळी. आणि आता खरा प्रश्न मी तुम्हाला विचारते, एसीच्या बाहेरच्या युनिटमागे किंवा डक्टमध्ये कबुतरांचं घरटं आहे का? ठाण्यात नसेल तर नवल. पक्ष्यांच्या घरट्यातली पिसं, मेलेली पिल्लं यावर हे भुंगे आणि पाकोळ्या दोन्ही पोसले जातात आणि तिथून आत येतात. घरटं तसंच ठेवून गालिचा कितीही साफ केला तरी सहा महिन्यांनी परत तेच. घरटं रिकामं झालं की तोंडाला मास्क लावून काढायला सांगा (तुम्ही स्वतः खिडकीबाहेर वाकू नका, प्लीज) आणि जाळी बसवून घ्या.

मधे काही झालं नाही कारण मधे तुम्ही चालता. अळीला अंधार आणि शांतता लागते, ती सोफ्याखाली मिळाली. गालिचा दोन्ही बाजूंनी व्हॅक्युम करा, उलटी बाजू लोक विसरतात आणि अंडी-अळ्या तिथे मुळाशी असतात. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, सोसायटीच्या गच्चीवर दोन-तीन दिवस दुपारी पालथा घालून वाळवा आणि काठीने झोडा, खाली कुणाचे पापड वाळत नाहीत ना ते बघून. पुढे दर महिन्याला सोफा सरकवून तिथून व्हॅक्युम फिरवायचा आणि वर्षातून एकदा गालिचा फिरवून घालायचा म्हणजे सोफ्याखालची बाजू पायाखाली येते. फवारणीच करायची झाली तर आधी कोपऱ्यावर रंग जातो का बघायला सांगा, आणि घरात मांजर असेल तर परमेथ्रीनचा फवारा आहे का हे नक्की विचारा, मांजरांना ते विषारी असतं.

प्रश्न : मी ऐरोलीची, बाळ दीड महिन्याचं. आईने माझी लहानपणीची झबली, दुपटी आणि गोधडी जपून ठेवली होती, सगळ्याला डांबर गोळ्यांचा उग्र वास येतोय. आई म्हणते उन्हात टाकून वापर. चालेल का?

आईचं प्रेम शंभर टक्के बरोबर, पण नुसतं ऊन पुरणार नाही. डांबर गोळी म्हणजे नॅफ्थलीन. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं, अशा बाळाच्या रक्तातल्या लाल पेशी या वासाच्या कपड्यांमुळेही फुटू शकतात आणि कावीळ जोरात वाढते. तुझ्या बाळात ते कमी आहे की नाही हे बघून कळत नाही, म्हणून वास पूर्ण जाईपर्यंत एकही कपडा अंगाला लावू नकोस. अनेक दिवस मोकळ्या हवेत, मग दोन-तीनदा धुणं, मग परत हवा. गोधडीचा वास जात नसेल तर तिला सोडून दे, निदान यंदापुरती. आणि बाळ रांगायला लागायच्या आत घरातल्या सगळ्या गोळ्या शोधून काढ, पांढरी पेपरमिंटसारखी दिसते, पोरं तोंडात घालतात. तसं झालं तर घरी काही उपाय करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

मजा म्हणजे या गोळ्यांची गरजच नव्हती, झबली-दुपटी सुती असतात, लोकर खाणारी अळी त्यांच्या वाटेला जात नाही. वासाचं काही हवंच असेल तर वेखंडाचे तुकडे किंवा खडखडीत वाळलेला कडुनिंब पुरचुंडीत बांधून ठेव, ओला पाला ठेवलास तर डाग पडतील. पण खरं सांगते, बाहेरून येणारी पाकोळी या वासाने जरा लांब राहते इतकंच, आत बसलेली अळी काही त्याने मरत नाही. आणि कुणी सांगितलं म्हणून डांबर गोळी आणि कापूर एकत्र ठेवू नका, दोघं एकमेकांना लागून वितळतात आणि साडीवर तेलकट डाग.

प्रश्न : माझ्या कॉटनच्या साड्यांना भोकं पडतात. तुम्ही तर म्हणता सुती कपड्याला कसर नाही. (कोपरखैरणे)

खळ घालून ठेवता ना? मग ती रुपेरी कसर, शेपटीला तीन केस असलेली, कपाट उघडलं की सुळकन पळते. तिला खळ हवी असते, साडी फुकट जाते. ठेवणीतल्या साड्या खळ धुऊन काढूनच ठेवा, नेसायच्या आधी घाला. कपाटाखाली जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे असतील तर तेही काढा, ती कागदावरही जगते.

प्रश्न : संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती बारीक पाखरं फिरतात, ती कपाटात शिरतील म्हणून मी रोज फटी टेपने बंद करतेय. बरोबर करतेय ना? (वर्तक नगर)

टेप वाचवा. कपडे खाणारी पाकोळी दिव्याकडे येतच नाही, ती अंधारात खुरडत असते. दिव्याभोवती नाचणारी ही बहुतेक धान्यातली पाखरं. कपाट सोडून स्वयंपाकघरात जा, तांदळाच्या डब्यात हात घाला, गुठळीसारखी जाळी हाताला लागली तर तीच. आणि मागच्या दिवाळीचा अर्धा उरलेला बेसनाचा पुडा असतो ना, रबरबँड लावून मागे सारलेला, तो आधी बघा.