कारगिलचा अभ्यास गोदामापासून सुरू कर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रबंधासाठी तू कारगिल या धान्याच्या व्यापारातून वाढलेल्या अमेरिकी कंपनीची वाटचाल निवडलीस, हे चांगले झाले. आराखड्याचा आरंभ मात्र बदलावास असे वाटते. 2023 च्या आर्थिक वर्षातील 177 अब्ज डॉलरची विक्री डोळे दिपवते खरी, पण कंपनी वाढली कशी, याचे उत्तर त्या आकड्यात सापडत नाही.

ते गोदामात सापडते. अमेरिकेतील यादवी युद्ध संपले त्याच वर्षी, म्हणजे 1865 मध्ये, विल्यम वॉलेस कारगिल यांनी आयोवा राज्यातील कोनोव्हर येथे धान्याच्या एका गोदामापासून धंद्याला सुरुवात केली. कोनोव्हर हे तेव्हा रेल्वेचे शेवटचे ठाणे होते. लोहमार्ग पुढे सरकला तशी त्यांची गोदामेही सरकत गेली. शेतकऱ्याला सुगीतच माल विकणे भाग असते आणि पिठाच्या गिरणीला गहू बारमाही लागतो. मधले महिने धान्य ज्याच्या छपराखाली राहते, त्याला भावाची आणि मागणीची बातमी इतरांच्या आधी लागते. जमीन न कसता हा धंदा एवढा विस्तारला, त्याचे मर्म मला इथे दिसते.

1909 मध्ये संस्थापक वारले, तेव्हा कंपनी कर्जात बुडाली होती. मुलाने मोंटाना राज्यात हाती घेतलेल्या पाटबंधारे योजनेत बराच पैसा अडकला होता. जावई जॉन मॅकमिलन यांनी धनकोंकडून मुदत मिळवून देणी फेडली. हे प्रकरण तू दोन ओळींत उरकले आहेस. त्याला निदान एक स्वतंत्र भाग दे. शेअर बाजाराची पायरी न चढता, कुटुंबाच्या मालकीत राहून नफ्याचा मोठा वाटा धंद्यातच गुंतवणारी ही कंपनी समजून घ्यायची, तर तो काळ बारकाईने वाचावा लागेल. 1999 मध्ये कॉन्टिनेंटल या जुन्या प्रतिस्पर्ध्याचा धान्य व्यापार विकत घेण्याचे बळही अशाच साठवलेल्या भांडवलातून आले, असे माझे मत आहे.

वाढीबरोबर वाद येणारच, आणि ते तळटिपेत ढकलू नकोस. 1937 च्या मक्याच्या वायद्यात, म्हणजे पुढे द्यायच्या मालाचा भाव आधीच ठरवणाऱ्या सौद्यांत, बाजार मुठीत धरल्याचा ठपका ठेवून शिकागोच्या वायदेबाजाराने 1938 मध्ये कारगिलला सभासदत्वातून काढले. भारतात 1992 च्या डिसेंबरात कर्नाटकातील शेतकरी आंदोलकांनी बंगळूरमधील तिच्या बियाणे कंपनीच्या कार्यालयावर हल्ला केला, तर 1993 मध्ये गुजरातमधील कांडल्याच्या मीठ प्रकल्पातून, जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढाकाराने झालेल्या विरोधानंतर, कंपनीने माघार घेतली. तीच कंपनी आज जेमिनी तेलाच्या रूपाने आपल्या फोडणीत आहे, आणि किराणा दुकानात कुणाला त्याची दखलही नसते! बियाणे आणि मीठ अडले, तेल मात्र कसे रुजले, हा प्रश्न तुझ्या आराखड्यात नाही. तो घालून सुधारित मसुदा पाठव.