स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचं (ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामचं) काम कुठल्या कंपनीला द्यावं?

वेबसाइट आणि प्रेझेंटेशन बाजूला ठेवा. कंपनीने मेननेटवर (खरे पैसे फिरतात त्या मुख्य नेटवर्कवर) टाकलेल्या दोन-तीन कॉन्ट्रॅक्टचे पत्ते मागा. इथरस्कॅनवर (इथेरियम ब्लॉकचेनवरचे व्यवहार आणि कॉन्ट्रॅक्ट दाखवणारी साइट) पत्ता टाकून ‘कॉन्ट्रॅक्ट’ टॅब उघडा. तिथे पडताळलेला सोर्स कोड नसेल, नुसता बाइटकोड (मशीनसाठीचा, माणसाला वाचता न येणारा कोड) असेल, तर तुम्ही तपासणार काय?

कोड दिसला की पैसे काढण्याचं फंक्शन शोधा. शिल्लक आधी वजा होते आणि पैसे नंतर जातात, हाच क्रम हवा. २०१६ मध्ये ‘द डाओ’ या इथेरियमवरच्या सामूहिक गुंतवणूक निधीतून सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचं चलन) गेले ते क्रम उलटा असल्यामुळे: पैसे हाती पडताच हल्लेखोराचा कॉन्ट्रॅक्ट तेच फंक्शन पुन्हा बोलवत राहिला, आणि शिल्लक जुनीच दिसत राहिली. यावर काय उपाय करता, हे सेल्सवाल्याला नको, कोड लिहिणाऱ्यालाच विचारा. तो अडखळला तर पुढे जाऊच नका.

ऑडिट तिसऱ्याकडूनच करून घ्या. रिपोर्टमध्ये गिट कमिटचा हॅश (कोडची नेमकी कुठली आवृत्ती तपासली त्याची खूण) असतो; डिप्लॉय होणारा, म्हणजे ब्लॉकचेनवर चढवला जाणारा कोड त्याच कमिटचा हवा. नंतर एक ओळ बदलली तरी ती पुन्हा तपासायला द्या.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते मालकीत. डिप्लॉय करणाऱ्या वॉलेटकडेच ओनरचे अधिकार राहिले, तर टोकन थांबवणं, नवे छापणं कंपनीच्या हातात राहतं. प्रॉक्सी (पत्ता तोच ठेवून मागचा कोड बदलू देणारी रचना) असेल तर कोडसुद्धा तीच बदलू शकते. म्हणून ओनर आणि प्रॉक्सी अ‍ॅडमिन, दोन्ही तुमच्या मल्टिसिगकडे (एकाहून जास्त सह्या लागणारं वॉलेट, उदा. ३ पैकी २) आल्याचं इथरस्कॅनवर स्वतः पाहा, मगच शेवटचा हप्ता द्या. ही अट करारात आधीच घाला.